तारण कोणाच्या हाती?

(वर्षावासातील व्याख्यानमालेत विहारात एका वकील उपासकाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि अनेक धर्मांचे जग' असा आहे. तो जाहीर झाल्यावर एका वृद्ध उपासकांनी मला विचारले, "वकीलसाहेब, आम्ही नुकताच धम्म स्वीकारलेली माणसे. त्रिशरण-पंचशील नीट समजले तरी आम्हांला पुष्कळ. पाद्री लोकांच्या शास्त्रात शिरण्याचे कारण काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्याखेरीज पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

गेल्या वर्षी दीक्षा घेतलेली एक भगिनी जातीच्या दाखल्याच्या कामासाठी माझ्याकडे आली होती. त्या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली लग्न होऊन ख्रिस्ती घरात गेली आणि तिने बाप्तिस्मा घेतला. धाकटीने नवऱ्यासह व मुलांसह धम्मदीक्षा घेतली. त्यांची आई मात्र धाकटीच्या दीक्षेपूर्वीच वारली. ती जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबली, कोणाचा पैसा तिने बुडविला नाही, दारी आलेल्याला भाकरीवाचून पाठविले नाही. तिने बाप्तिस्माही घेतला नाही आणि दीक्षाही घेतली नाही. आईच्या पहिल्या स्मृतिदिनी दोघी बहिणी एकत्र आल्या, तेव्हा थोरली रडत म्हणाली, "आमचे पाद्रीसाहेब सांगतात, ख्रिस्तावर विश्वास न ठेवता जो जातो त्याचे तारण होत नाही. मग आपली आई कोठे गेली गं?" तेथे बसलेली शेजारीण समजूत घालण्यासाठी म्हणाली, "अगं, सगळे धर्म एकच. देव एक, नावे वेगळी. तुम्हीच उगीच धर्म बदलत बसलात."

धाकटीला ही दोन्ही बोलणी लागली. पहिल्याने तिच्या आईला आगीत लोटले आणि दुसऱ्याने तिची दीक्षा फुकट ठरविली. ती मला म्हणाली, "साहेब, दाखल्याचे नंतर पाहू. या दोघींना मी काय सांगू, ते आधी सांगा." त्या दिवशी मला तिचे समाधान करता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

'तारण' हा शब्द आमच्या कोर्टकचेरीत रोज कानी पडतो. कर्जापायी जे घर किंवा शेत गुंतविले जाते त्याला आम्ही तारण म्हणतो. मराठी ख्रिस्ती बांधव हाच शब्द उद्धार या अर्थाने वापरतात. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो : हे तारण कोणाच्या ताब्यात आहे? ख्रिस्ती धर्मपंडितांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. १९८३ साली ॲलन रेस या इंग्रज धर्मपंडिताने त्यांची जी विभागणी केली, ती आज सर्वत्र वापरली जाते. आपण ती तिन्ही उत्तरे एकेक करून तपासू.

'चर्चबाहेर तारण नाही'

पहिले उत्तर कठोर आहे. येशूखेरीज पित्याप्रत जाण्यास दुसरी वाट नाही, अशा आशयाचे वचन योहानाच्या शुभवर्तमानात आहे. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याने चर्चबाहेर तारण नाही, असा सिद्धांत मांडला. पण येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सिप्रियनचा रोख परधर्मीयांवर नव्हता. चर्चमधून फुटून निघालेल्या ख्रिस्ती लोकांना त्याने दिलेली ती ताकीद होती. घरातल्या भांडणातील वाक्य पुढे जगाला लावले गेले. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेतून निघालेल्या फर्मानाने स्पष्टच ठरविले की, मूर्तिपूजक, यहुदी व पाखंडी हे मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत तर ते शाश्वत अग्नीत जातील.

त्या वेळी युरोपातील धर्मपंडितांचा असा समज होता की, ख्रिस्ताची वार्ता पृथ्वीच्या बहुतेक भागांत पोहोचलीच आहे. ज्याने ती मानली नाही, त्याने जाणूनबुजून मानली नाही. पुढे पन्नासच वर्षांनी, १४९२ साली, कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नव्हते अशी माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या जगत आणि मरत आली होती. त्या सर्वांना अग्नीत लोटणारा देव न्यायी कसा म्हणावा? थोरल्या बहिणीने आपल्या आईविषयी विचारलेला प्रश्नच सोळाव्या शतकात स्पेनच्या विद्यापीठांत विचारला जाऊ लागला.

सलामांका विद्यापीठातील फ्रान्सिस्को दे वितोरिया या धर्मगुरूने १५३९ साली दिलेली व्याख्याने मला वकील म्हणून फार महत्त्वाची वाटतात. ज्याला वार्ता मिळालीच नाही त्याला अविश्वासाचा दोषी धरता येत नाही, असे त्याने सांगितले. एवढ्यावर तो थांबला नाही. स्पॅनिश लोकांनी तेथे जे अत्याचार केले, ते पाहता ख्रिस्ती धर्म त्या लोकांपुढे पटण्याजोग्या रीतीने मांडला गेला, असेच म्हणता येत नाही. मग त्यांनी तो मानला नाही, यात त्यांचा अपराध कोणता? आमच्या भाषेत सांगावयाचे तर वितोरियाने पुराव्याचा भार ऐकणाऱ्याच्या खांद्यावरून काढून सांगणाऱ्याच्या खांद्यावर ठेवला. त्याच वितोरियाने स्पेनच्या सत्तेसाठी अन्य कायदेशीर आधार शोधून ठेवले, हेही सांगितले पाहिजे. पंडितांची बुद्धी पुष्कळदा राजाच्या दारापर्यंत जाऊन थबकते.

तरीही कठोर उत्तर मेले नाही. आपल्याकडे गोव्यात १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशनचे न्यायासन मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालू होते. बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३८ साली, मद्रासजवळ तांबरम येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. त्या परिषदेसाठी हेंड्रिक क्रेमर या डच पंडिताने मोठा ग्रंथ लिहिला. इतर धर्मांत कितीही थोरवी असली तरी ईश्वराचे प्रकटीकरण ख्रिस्तातच झाले, आणि ते प्रकटीकरण व हे धर्म यांत सलग वाट नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. याच भूमीतील पी. चेंचय्या, व्ही. चक्करै प्रभृती ख्रिस्ती विचारवंतांनी त्याच वर्षी वेगळे पुस्तक काढून आपला मतभेद नोंदविला. तेव्हा थोरलीचे पाद्री म्हणतात तेच एकमेव ख्रिस्ती मत होय, असे आपण समजू नये. तिलाही ते ठाऊक असावे.

या उत्तराबद्दल माझा आक्षेप साधा आहे. कोणीही आपल्याच दाव्यात न्यायाधीश होऊ नये, हा न्यायाचा मूलभूत नियम आहे. जो धर्म स्वतःच वादी, स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश होतो, त्याचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक कसा होईल?

'अनामिक ख्रिस्ती'

दुसरे उत्तर मवाळ आहे, आणि माझ्या मते नवदीक्षितांनी सर्वांत जास्त सावध राहावे ते याच उत्तराबाबत.

याचीही मुळे जुनी आहेत. दुसऱ्या शतकात जस्टिन या ग्रीक विद्वानाने म्हटले होते की, ईश्वरी विवेकाचे बीज सर्व मानवांत पेरलेले आहे, म्हणून त्या विवेकाने जगलेला सॉक्रेटिसही ख्रिस्तीच होय. आधुनिक काळात या विचाराला बळ देणारा एक विलक्षण प्रसंग घडला. अमेरिकेत बॉस्टन येथे फादर लेनर्ड फीनी चर्चबाहेर कोणाचेही तारण नाही, असे अक्षरशः शिकवीत. १९४९ साली रोमने त्यांच्या बिशपला कळविले की, तो सिद्धांत इतक्या संकुचित अर्थाने घ्यावयाचा नाही. फीनी यांनी ऐकले नाही. शेवटी १९५३ साली वरिष्ठांचा आज्ञाभंग केल्याबद्दल त्यांना बहिष्कृत करण्यात आले. चर्चबाहेर तारण नाही असे सांगणारा मनुष्य स्वतःच चर्चबाहेर गेला!

पुढे १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी तिने इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. बाजूने २,२२१ मते पडली आणि विरुद्ध ८८. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील कशाचाही चर्च अव्हेर करीत नाही, अशी त्याची भूमिका होती, आणि त्यात बौद्ध धर्माचाही आदराने उल्लेख होता. ज्या चर्चने ५२३ वर्षांपूर्वी सर्वांना अग्नीत लोटले होते, त्याने ही भूमिका घ्यावी, हे लहान स्थित्यंतर नव्हे. त्याच वर्षी ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्याचे घोषणापत्रही निघाले आणि धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती करता येणार नाही, हे मान्य झाले. जे चांगले आहे त्याला चांगले म्हणण्यात आपण कृपणता करू नये.

या परिषदेच्या विचारविश्वावर कार्ल राहनर या जर्मन धर्मपंडिताची मोठी छाप होती. १९६१ साली त्याने मांडले की, दुसऱ्या धर्मातील सज्जन मनुष्यापर्यंतही ख्रिस्ताची कृपा पोहोचलेली असते; फक्त त्याला ते माहीत नसते. म्हणून त्याला 'अनामिक ख्रिस्ती' म्हणावे. या विचाराप्रमाणे त्या दोघींच्या आईचेही तारण झाले. वाचल्याबरोबर बरे वाटते. पण थोडे थांबा आणि विचार करा. त्या माउलीचा चांगुलपणा तिचा राहिला काय? तिने उपाशी राहून दुसऱ्याला दिलेली भाकरी येथे दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली.

जपानमधील बौद्ध तत्त्वज्ञ केइजी निशितानी यांनी राहनरला विचारले होते, "मी तुम्हांला अनामिक झेन बौद्ध म्हटले तर?" ही हकीकत स्वतः राहनरनेच लिहून ठेविली आहे आणि तो सन्मानच वाटेल, असे उत्तर आपण दिल्याचेही त्याने प्रांजळपणे सांगितले आहे. तथापि प्रश्नाचे टोक त्यामुळे बोथट होत नाही.

बंधूंनो, हा प्रकार आपल्याला अपरिचित आहे काय? भगवान बुद्धांना विष्णूचा नववा अवतार ठरविण्यात आले, ते असेच. तेथे तलवार चालली नाही. आदराचा हार घालून त्यांना दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात बसविण्यात आले. म्हणूनच परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, ही प्रतिज्ञा पाचवी ठेवली. सामावून घेणे आणि गिळून टाकणे यांतील अंतर त्यांनी अचूक ओळखले होते.

ख्रिस्ती जगातही हे एकदा नकळत घडून गेले आहे. मध्ययुगीन युरोपात जोसाफट नावाच्या संताची कथा घरोघरी ऐकली जाई. तो भारतातील राजपुत्र. जगातील दुःख दिसू नये म्हणून पित्याने त्याला महालात ठेवलेले. तरी त्याने रोगी, वृद्ध व मृत्यू यांविषयी जाणले आणि राज्याचा त्याग केला. रोमच्या संतसूचीत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस नोंदविला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विद्वानांच्या ध्यानात आले की, ही तर सिद्धार्थ गौतमाचीच कथा! 'बोधिसत्त्व' या शब्दाचे अरबीत 'बुदासफ', पुढे जॉर्जियन व ग्रीक भाषांतून रूपांतर होत होत 'जोसाफट' झाले होते. ज्याने कोणा ईश्वराकडे उद्धार मागितला नाही, तो ख्रिस्ताचा संत म्हणून शतकानुशतके पूजिला गेला. त्याचे शील पोहोचले. त्याचा विचार मात्र वाटेतच गळाला. नाव हरवले की विचार कसा हरवतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

'एकच डोंगर, अनेक वाटा'

आता तिसरे उत्तर. ते शेजारणीच्या उत्तराच्या जवळचे आहे. जॉन हिक हे इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट धर्मपंडित. १९६७ साली ते बर्मिंगहॅमला अध्यापनासाठी गेले. त्या शहरात मशिदी होत्या, गुरुद्वारे होती, मंदिरे होती, यहुद्यांची प्रार्थनास्थळे होती. तेथे जाऊन बसल्यावर त्यांना दिसले की, माणसे स्वार्थाकडून परोपकाराकडे वळण्याचे काम या सर्व ठिकाणी सारखेच चालले आहे. ख्रिस्ती माणूस इतरांहून अधिक सज्जन निपजतो, असे काही दिसत नाही. १९७३ साली त्यांनी ग्रंथ लिहून प्रतिपादन केले की, पूर्वी पृथ्वी मध्यभागी आहे असे मानीत, कोपर्निकसने सूर्य मध्यभागी ठेवला. तद्वत धर्मांच्या विश्वाच्या मध्यभागी ख्रिस्ती धर्म नसून ईश्वर आहे आणि सर्व धर्म त्याच्याभोवती फिरतात.

हिक यांचे धैर्य मोठे होते. त्यांनी आपल्याच धर्माचा मध्यभागाचा हक्क सोडला. रोमला हा विचार मानवला नाही. २००० साली व्हॅटिकनने पत्रक काढून ख्रिस्ताच्या अनन्यत्वाचा पुनरुच्चार केला. त्याच सुमारास याक द्यूपुई या बेल्जियन जेझुइटाची चौकशी चालू होती. अनेक वर्षे भारतात अध्यापन केलेल्या या पंडिताने अनेक धर्म असणे हीच ईश्वराची योजना असू शकेल, असा विचार १९९७ च्या ग्रंथात मांडला होता. २००१ साली त्या ग्रंथातील संदिग्धतेविषयी अधिकृत सूचना निघाली. पुढे पोप फ्रान्सिस यांनी १३ सप्टेंबर २०२४ रोजी सिंगापूरच्या तरुणांपुढे सर्व धर्म हे ईश्वराप्रत जाण्याचे मार्ग असल्याचे उद्गार काढले आणि त्यावरून त्यांच्याच लोकांत वादंग माजले. म्हणजे हा दावा त्यांच्या घरात अजून निकालात निघालेला नाही.

आपण या उत्तराला काय म्हणावे? ते सौम्य आहे, शांततेला पोषक आहे. परंतु सर्व मार्ग ईश्वराप्रत जातात, असे म्हणताना बौद्धाला कोणी विचारले आहे काय? आपण ईश्वराच्या शोधात निघालेलो नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण नाहीसे करता येते आणि त्याचा मार्ग आहे, एवढेच आपले म्हणणे आहे. हिक यांनी पुढे 'ईश्वर' हा शब्द बदलून 'परम सत्य' असा शब्द घेतला. तरी निर्वाण ही कोण्या अदृश्य परमतत्त्वाची भेट नव्हे. राग, द्वेष व मोह यांचा क्षय म्हणजे निर्वाण. अमेरिकन पंडित मार्क हाइम यांनी १९९५ साली हे प्रामाणिकपणे ओळखले. धर्मांच्या वाटाच वेगळ्या आहेत असे नव्हे, त्यांची ठिकाणेही वेगळी आहेत, असे त्यांनी मांडले.

आणखी एक गोष्ट. 'सगळे धर्म एकच' हे वाक्य कोण बोलतो, ते पाहावे. ज्याला त्याच्या धर्माने उंबऱ्याच्या आत बसविले त्याला ते सहज बोलता येते. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्याला धर्माधर्मांतील फरक घशाच्या कोरडीने कळलेला असतो. सर्व धर्म एकच असते, तर बाबासाहेबांनी १९३५ ते १९५६ अशी एकवीस वर्षे अभ्यासात का घालविली असती? १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी धर्माला लावावयाच्या कसोट्या दिल्या आहेत : धर्माने नीती हा समाजाचा नियम मानावा, तो विज्ञानाशी सुसंगत असावा, त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना मान्यता द्यावी, आणि दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये. ही मोजपट्टी आहे, आणि जो मोजतो तो सर्व सारखे आहे असे आधीच गृहीत धरीत नाही. याच लेखात त्यांनी दाखविले की, येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटले, बुद्धांनी मात्र स्वतःसाठी असे कोणतेच स्थान मागितले नाही. ते मार्गदाते होत, मोक्षदाते नव्हेत.

माझ्या मते सर्व वादाची किल्ली या भेदात आहे. तारण जर कोणाच्या हाती असेल, तर ते कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हा प्रश्न उद्भवतो. मग कठोर, मवाळ व उदार अशी तीन उत्तरे शोधावी लागतात. ख्रिस्ती धर्मशास्त्राची जी अडचण झाली, ती त्याच्या पंडितांच्या बुद्धीच्या उणिवेमुळे झाली नाही. तारणकर्ता एकच आहे, या मूळ विधानातून ती अपरिहार्यपणे आली. ज्याने दार ठेवलेच नाही, फक्त रस्ता दाखविला, त्याला आत कोण आणि बाहेर कोण याची यादी ठेवण्याचे कारण पडत नाही.

घरातील भिंत

एवढे सांगून मी थांबलो, तर आपण सर्व जण समाधानाने घरी जाऊ आणि ते समाधान मला मान्य नाही. वादात जिंकणे सोपे आहे. धाकटीने थोरलीशी कसे वागावे, हे त्याने ठरत नाही.

आशियातील काही ख्रिस्ती विचारवंतांनी हा प्रश्न ग्रंथांतून काढून गरिबाच्या झोपडीत नेला, हे आपण जाणले पाहिजे. श्रीलंकेतील जेझुइट अलॉयसियस पिएरिस यांनी बौद्ध तत्त्वज्ञानाचा सखोल अभ्यास केला आणि १९७४ साली कोलंबोजवळ केलानिया येथे 'तुलना' नावाचे अभ्यासकेंद्र उघडले. आशियाचे दारिद्र्य आणि आशियाचे धर्म या दोहोंपुढे चर्चने शिष्य म्हणून नम्र व्हावे, असे त्यांचे सांगणे आहे. आपल्या देशात १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी भाषण केले आणि तेथून दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राचा ओघ सुरू झाला. भारतीय ख्रिस्ती समाजात बहुसंख्य दलित असता येथील धर्मशास्त्र ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशीच संवाद करीत बसले, हा त्यांचा आरोप होता.

हा आरोप बाबासाहेबांच्या जुन्या टीकेची आठवण करून देतो. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी त्यांनी लिहिलेले प्रकरण त्यांच्या निर्वाणानंतर, १९८९ साली, समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. धर्मांतरानंतरही जात सुटली नाही, आणि तुझ्या दुःखाचे मूळ तुझ्या पापात आहे, असे शिकविल्याने अन्यायाविरुद्ध उठण्याची शक्तीच खचते, असे त्यांनी दाखविले आहे. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध करताना चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याची स्पष्ट कबुली दिली. ज्याने कबुली दिली, त्याच्याशी बोलता येते.

आता कायदा पाहा. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज इतरांना वगळले. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. केंद्राच्या त्या आदेशात बौद्धांचे नाव येण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर चौतीस वर्षे आपल्या लोकांना सांगण्यात येत होते की, तुमच्या धर्मात जात नाही, सबब तुम्हांला संरक्षण नाही. ख्रिस्ती व मुसलमान दलितांना हेच आजही सांगण्यात येते. १९८५ सालच्या सूसै खटल्यात मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणाऱ्या ख्रिस्ती चांभाराचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. ख्रिस्ती झाल्यावरही तितकाच जाच सोसावा लागतो, याचा पुरेसा पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला.

म्हणून एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या, एकाच वस्तीत वाढलेल्या दोन बहिणींपैकी धाकटीला दाखला मिळतो आणि थोरलीला मिळत नाही. धर्मपंडितांचे तारण परलोकातले; हे इहलोकातले तारण सरकारी कचेरीच्या खिडकीवर ठरते. त्यांना सवलत दिली तर आपला वाटा कमी होईल, असे आपल्यातील काही जण म्हणतात. ही भीती खोटी नाही आणि वाटा वाढवून मागणे हा तीवरचा इलाज आहे. परंतु चौतीस वर्षे जे आपण अन्याय म्हणून सोसले, त्यालाच दुसऱ्याच्या बाबतीत न्याय म्हणणे धम्माला धरून होणार नाही.

हीच गोष्ट सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने ते सर्वांना दिले आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय झाला आणि राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांना आधार मिळाला. पुष्कळांना वाटले, हे पाद्र्यांसाठी आहे. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले की, बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म समजावा आणि हिंदू धर्मातून बौद्ध होण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी. आपला धर्म स्वतंत्र आहे, हे मान्य झाले. पण परवान्याच्या अटीवर. शेजाऱ्याच्या विवेकाला घातलेले कुलूप आपल्या दारालाही लागते, हे यातून शिकावे.

उपालीचे घर

शेवटी त्रिपिटकातील एक कथा सांगतो. नालंदेचा उपाली गृहपती हा निगंठांचा म्हणजे जैन मुनींचा मोठा उपासक. भगवंतांशी वाद करावयास तो आला आणि वादाअंती त्यांचाच उपासक होऊ इच्छू लागला. एवढा धनाढ्य गृहस्थ आपणहून येतो, म्हणून दुसऱ्या कोणी नगरभर पताका फिरविल्या असत्या. भगवंत त्याला म्हणाले की, नीट विचार कर, तुझ्यासारख्या प्रसिद्ध माणसाने पुरता विचार करूनच पाऊल टाकणे बरे. आणि उपासक झाल्यावर त्याला सांगितले की, तुझे घर आजवर निगंठांना पाणवठ्यासारखे होते. ते दारी आले तर त्यांना भिक्षा देत जा.

नवदीक्षित कुटुंबाला यापेक्षा चांगला उपदेश कोणता असेल? उपालीने आपले मत झाकले नाही. सर्व एकच आहे असे म्हणून मतभेद पुसलाही नाही. निगंठ हे छुपे बौद्धच आहेत, असेही कोणी म्हटले नाही. वाट बदलली, पाणवठा मात्र उघडा राहिला. ज्यांना पाणवठ्याची बंदी म्हणजे काय ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना या उपदेशाचे मोल मी वेगळे सांगावयास नको.

त्या धाकट्या बहिणीला माझे उत्तर असे आहे. शेजारणीला सांग, "ताई, सगळे धर्म एकच असते तर आमच्या आजीला तुमच्या आजीने वरून पाणी वाढले नसते. मी विचार करून वाट निवडली आहे. तुमची वाट तुम्हांला लखलाभ." आणि थोरलीला सांग, "अक्का, आई कोठे गेली ते पाद्रीसाहेबांना ठाऊक नाही. तुमच्यातलेच थोर पंडित त्यांच्याशी सहमत नाहीत. आई कशी जगली, ते मात्र आपल्या दोघींना ठाऊक आहे. आमच्या धम्मात त्याहून वेगळा हिशोब नाही. तिची भाकरी कोणाच्याच खात्यावर लिहू नकोस, ती तिचीच होती." आणि पुढच्या स्मृतिदिनी अक्काला घरी बोलाव. तिला तिची प्रार्थना म्हणू दे, तू त्रिशरण घे, आणि दोघी मिळून दारी येईल त्याला जेवू घाला. आणि हो, तिच्या दाखल्याचा प्रश्न निघेल तेव्हा तू तिच्या बाजूने उभी राहा.



नमो बुद्धाय! जय भीम!